चाळीस हजार रुपये, चौदा फुटांवरची तुळई आणि पाळकसाहेबांचा चेहरा

पत्र:

"सलाम. आमचं चर्च अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. मिशनच्या काळातली दगडी इमारत, वर सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. हॉल ६० फूट लांब, ३० रुंद. पुढे २४ फूट रुंद, १२ फूट खोल, २ फूट उंच व्यासपीठ. तुळया जमिनीपासून १४ फुटांवर, आणि त्यातली पहिली व्यासपीठाच्या कडेपासून ४ फूट अलीकडे. रविवारी सकाळी साडेनऊची उपासना आम्ही मोबाइलवरून लाइव्ह दाखवतो, त्यात पाळकसाहेबांचा चेहरा काळा येतो. डिसेंबरात तरुण संघाची नाताळची नाटिका आहे. कापणीच्या सणाच्या लिलावातून ४०,००० रुपये जमलेत. शहरातल्या दुकानदाराने १,६०,००० चं कोटेशन दिलंय: चार मुव्हिंग हेड (फिरत्या मानेचे दिवे), आठ रंगीत पार (झोत टाकणारे डब्यासारखे दिवे), स्मोक मशीन, कन्सोल (दिवे चालवायचं यंत्र). पंचकमिटीतले एक आजोबा म्हणतात, 'चर्चचा डीजे करू नका.' फोटो आणि कोटेशन सोबत जोडलंय. काय घ्यावं? – तरुण संघाचे सेक्रेटरी"

सेक्रेटरीसाहेब, सलाम.

तुमच्या आजोबांचं अर्ध बरोबर आहे. बाकीच्या अर्ध्याकडे शेवटी येतो. दुकानदारावरही रागावू नका. त्याचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचे हॉल आणि गणपती मंडळं. 'स्टेज लाइट' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे संगीताचा कार्यक्रम येतो. तुमच्या घरची अडचण निराळीच आहे. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, आणि मुव्हिंग हेडने तो दिसणारही नाही.

फोटो नीट पाहिले. वेदीच्या मागे तीन उंच कमानी खिडक्या आहेत आणि सकाळचं ऊन थेट त्यातून येतंय. अर्धा रोग तिथेच आहे. मोबाइलचा कॅमेरा चौकटीत सगळ्यात जास्त उजळ जे असेल ते सांभाळायला जातो, म्हणजे खिडकी सांभाळतो आणि तिच्यापुढचा माणूस काळा पाडतो. मंडळीतल्या म्हाताऱ्या डोळ्यांचंही तेच होतं, फक्त ते तक्रार करत नाहीत. या उन्हाशी सामना करायला दिवे लावत बसलात तर ४०,००० काय, चार लाखही पुरायचे नाहीत. जाड अस्तराचा पडदा शिवा. रंग भिंतीशी जुळणारा, हस्तिदंती किंवा फिकट बदामी. तो दोरीने सरकणारा असावा, म्हणजे संध्याकाळी आणि लग्नांना खिडक्या मोकळ्या राहतील. काळा कागद किंवा फिल्म चिकटवू नका; जुन्या काचांवरून ती निघताना काचा घेऊन निघते. पडदा लावल्यावर पुढच्याच रविवारी चित्रण करून पाहा. फरक तुम्हाला दिव्याशिवाय दिसेल.

आता दिवे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅनले मॅकॅंडलेस नावाचे प्राध्यापक होते. १९३२ मध्ये त्यांनी छापून मांडलेली रीत आजही हौशी आणि व्यावसायिक दोघे वापरतात. रंगमंचाचे सारखे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर समोरून, पण तिरके, डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे दोन दिवे सोडायचे, वरूनही साधारण ४५ अंशांत. अगदी समोरून एकच दिवा टाकला तर चेहरा पोळीसारखा सपाट होतो. डोक्यावरून टाकला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर येते. तुमच्या आत्ताच्या ट्यूबलाइट पाळकसाहेबांना नेमकं हेच करतायत.

मॅकॅंडलेससाहेबांना तुमची तुळई माहीत नव्हती, म्हणून हिशोब आपण करू. व्यासपीठ २ फूट, त्यावर उभ्या माणसाचे डोळे साडेपाच फुटांच्या आत-बाहेर, म्हणजे चेहरा जमिनीपासून साडेसात फुटांवर. तुळई १४ वर, दिवा तिच्याखाली फूटभर लोंबेल, म्हणजे १३. फरक साडेपाच फूट. पुलपिट, म्हणजे प्रवचनाचं मेज, कडेपासून ३ फूट आत आहे आणि तुळई कडेपासून ४ फूट बाहेर, म्हणजे आडवं अंतर ७ फूट. कोन ३८ अंशांच्या जवळ येतो. दिवा बाजूला सरकवला की तो ३३ पर्यंत उतरेल. ही तुळई तुमच्यासाठीच कुणीतरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी योग्य जागी बसवून ठेवली आहे असं समजा. दिवे टांगायला नवा ट्रस, म्हणजे लोखंडी सांगाडा, उभा करायची गरज नाही.

या दिव्यापासून चेहऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर १० फुटांच्या आसपास भरतं. इथे दुकानात फसगत होते. बाजारात सर्रास मिळणारा '५४ बाय ३'चा (तीन वॉटचे ५४ एलईडी) पार बहुधा २५ अंशांचा अरुंद झोत टाकतो. दहा फुटांवर त्याचं वर्तुळ जेमतेम साडेचार फुटांचं. पाळकसाहेब बोलता बोलता दोन पावलं सरकले की अंधारात. ४५ अंशांचा दिवा त्याच अंतरावर ८ फुटांहून थोडं जास्त झाकतो. तुमचं व्यासपीठ २४ फूट आहे. आठ-आठ फुटांचे तीन तुकडे, प्रत्येकी दोन दिवे, एकूण सहा. तेव्हा दुकानात वॉट विचारण्याआधी झोताचा कोन विचारा. दुकानदाराला सांगता आला नाही तर भिंतीपासून दहा फुटांवर दिवा धरायला लावा आणि टेपने वर्तुळ मोजा.

रंगाचं तर सरळ सांगतो: या सहांपैकी एकही रंगीत नको. लाल, हिरवा, निळा मिसळून केलेला पांढरा भिंतीवर पांढरा दिसतो, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो जांभळट, राखाडी पडतो. माणूस तापातून उठल्यासारखा दिसतो. वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरा घ्या, ३,००० ते ३,२०० केल्विनचा, आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या पुढचा असेल तर उत्तम. दुकानात जाताना मंडळीतली दोन माणसं बरोबर न्या, एक उजळ, एक सावळं. दोघांना दिव्यापुढे उभं करा. माहितीपत्रकापेक्षा ते खरं बोलतील.

दुकानातच आणखी दोन परीक्षा घ्या. दिवा मंद करा, अगदी पाचव्या हिश्शावर आणा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पडद्यावर काळे पट्टे धावताना दिसले तर तो दिवा तुमच्या लाइव्हमध्येही तेच करू शकतो, ठेवून द्या. दुसरी परीक्षा कानाची. दिवा पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, दुकानाचं शटर ओढायला सांगा आणि ऐका. आतला छोटा पंखा घुंईं करतो का? नाचगाण्यात ते कुणाला ऐकू येत नाही. पण तुमच्याकडे मूक प्रार्थना असते, आणि सहा दिव्यांचे सहा पंखे तुळईवरून घुमायला लागले की प्रार्थनेत मन लागत नाही. बिनपंख्याचा दिवा मागा.

पंख्यावरून आठवलं. व्यासपीठाच्या वर लांब दांड्याचा छताचा पंखा दिसतोय. तो उतरवा आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पंखे बसवा. दिव्याचा झोत फिरत्या पात्यांमधून गेला की सगळ्या व्यासपीठावर सावल्यांची कात्री चालते. परदेशी पुस्तकांत ही अडचण कुठेच नसते, कारण त्यांच्या रंगमंचावर आपला पंखा नाही. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तासभर वायरिंग तपासत बसलो होतो.

टांगण्याबद्दल. आधी तुळईला वाळवी लागलीय का ते सुताराकडून ठोकून बघा. सागात भोकं पाडू नका. फॅब्रिकेटरकडून यू आकाराच्या पट्ट्या करून घ्या, तुळईला मिठी मारतील अशा, त्यांत रबर घाला आणि खाली जीआय पाइप धरा. एकेक दिवा दोन-तीन किलोचा असतो. वजन फार नाही, पण खाली पहिल्या बाकावर संडे स्कूलची मुलं बसतात. म्हणून प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी स्टीलची साखळी किंवा दोर, थेट पाइपाला बांधलेला. यात काटकसर करायची नाही.

विजेचं काम तुमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडून होईल. सहा एलईडी दिवे प्रत्येकी १०० वॉटचे धरले तरी ६०० वॉट, म्हणजे २३० व्होल्टवर तीन अँपिअरच्या आत. जुने १,००० वॉटचे हॅलोजन पार सहा लावले असते तर २६ अँपिअर झाले असते आणि चर्चचं मीटरच बदलावं लागलं असतं. कुणी जुने हॅलोजन 'दानात देतो' म्हणालं तर आभार मानून परत पाठवा. पण अर्थिंग तपासून घ्या. इतक्या जुन्या इमारतीत तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसऱ्या पिनेमागे कधीकधी काहीच नसतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

हे पोटतिडकीने सांगतो, त्याला कारण आहे. आमच्या उमेदवारीत, एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत, डिमर परवडत नसे. आम्ही चिनी मातीच्या बरणीत मिठाचं पाणी भरायचो, एक धातूची पट्टी तळाशी, दुसरी दोरीने वरून सोडायची. पट्टी खाली गेली की दिवा उजळायचा, वर ओढली की मावळायचा. फेड इतका सुरेख यायचा की आजच्या कन्सोललाही तसा जमत नाही. आणि बरणीतलं पाणी पूर्णवेळ जिवंत विजेचं. एका प्रयोगात माझाच ओला हात दोरीवरून घसरला, मी विंगेत पडलो आणि नायिकेचा मृत्यू भर उजेडात झाला. कोलकात्याचे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ मध्ये 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी चढत जाताना दाखवलं, तेही मामुली सामानावर. स्वस्तात प्रकाशयोजना करण्याची आपल्याकडची परंपरा मोठी आहे. तिच्यातली कल्पकता घ्या, बरणी घेऊ नका.

पैशांचा हिशोब तुमच्याच कोटेशनच्या दरांनी करतो. दुसऱ्या पानावर वॉर्म व्हाइट पार ३,८०० ला लिहिलाय. सहाचे २२,८००. क्लॅम्प आणि साखळी मिळून ३५० प्रमाणे २,१००. पाइप, पट्ट्या, वायरिंग, आरसीसीबी, भिंतीवरची तीन बटणं आणि मजुरी यासाठी ९,००० बाजूला काढा. पडद्याला ३,०००, महिला मंडळाने शिवला तर कापडाचेच लागतील. बेरीज ३६,९००. उरलेले ३,१०० हात न लावता डिसेंबरसाठी ठेवा.

तीन बटणं मुद्दाम म्हटलं. प्रत्येक तुकड्याची जोडी एका बटणावर, आणि ही बटणं घंटा वाजवणाऱ्या काकांच्या हाताशी. दिव्याचा जोर मागच्या मेन्यूत एकदाच ठरवून ठेवायचा. रविवारची उपासना कन्सोलवर अवलंबून ठेवलीत तर कन्सोल चालवता येणारा मुलगा पुण्याला नोकरीला लागेल त्या दिवशी चर्चमध्ये अंधार होईल. फक्त दिवे डीएमएक्सची (कन्सोलवरून केबलने दिवे चालवायची पद्धत) सोय असलेले घ्या, म्हणजे नाटिकेच्या वेळी जोडता येतील.

स्मोक मशीनला नाही. दम्याची माणसं पुढच्या बाकावर बसतात. मुव्हिंग हेडलाही नाही. गाण्यांचे शब्द दाखवायचा पडदा आहे तो मधून काढून एका बाजूला घ्या, दिव्यांचा उजेड त्यावर सांडला की अक्षरं धुऊन निघतात.

क्रूसाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी बोलतो. भिंतीवरचा सागवानी क्रूस दोन इंच पुढे घ्या आणि मागच्या बाजूला कडेपासून आत वॉर्म एलईडीची पट्टी फिरवा. भिंतीवर मऊ वलय पडतं आणि लाकूड त्यापुढे उठून दिसतं. पाच मीटरचा रोल आणि अडॅप्टर एवढाच खर्च, तो एखादं कुटुंब आनंदाने देईल. निळी किंवा हिरवी पट्टी मात्र लावू नका. रात्री रस्त्यावरून मेडिकल स्टोअर उघडं असल्यासारखं दिसतं.

आता नाटिका. डिसेंबर लग्नसराईचा, म्हणून ऑक्टोबरातच लाइट भाड्याने देणाऱ्याकडे चार रंगीत पार आणि १९२ चॅनलचा साधा कन्सोल एका रात्रीसाठी आणि आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीसाठी सांगून ठेवा. त्या कन्सोलवर बारा दिव्यांना प्रत्येकी सोळा चॅनल असतात. तुमचे सहा आणि भाड्याचे चार त्यात आरामात बसतात. दिव्यांना पत्ते (कन्सोलने दिवा ओळखायचे आकडे) देताना गोंधळ होतो. हा कन्सोल प्रत्येक दिव्याला सोळाचा घास देतो, म्हणून पत्ते १, १७, ३३, ४९ असे. दोघांना एकच पत्ता दिलात तर मेंढपाळाबरोबर हेरोद राजाही उजळेल. चर्चच्या पेटीत माइकच्या भरपूर केबल असतील आणि त्यांचा तीन पिनांचा जॅक दिव्याला बरोब्बर बसतो. मोह होतो. तालमीत चालतंही. मग प्रयोगात दिवे मनाने फडफडायला लागतात. डीएमएक्सचीच केबल मागा, आणि शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचा रोध).

मुलांना व्यासपीठाच्या पुढच्या अर्ध्या भागात खेळवा. अंतर वाढतं तसा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. कडेपासून आठ फूट आत उभं राहिलेल्या मुलाला पुलपिटावरच्या माणसाच्या निम्माच उजेड मिळेल. जमिनीवर टेपच्या खुणा करा. नाटकवाले नटाला 'लाइट घे' म्हणतात: चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत पुढे ये. एलईडीची ऊब जाणवत नाही, म्हणून खुणा. पाळकसाहेबांसाठीही एक लावा, न सांगता.

मेंढपाळांचा प्रवेश रात्रीचा. रात्र म्हणजे काळोख असं समजून हौशी मंडळी सगळं बंद करतात आणि आई-बापांना आपलं लेकरू सापडत नाही. रात्र निळी असते. दोन निळे पार बाजूच्या विंगांतून, मंद, आणि समोरचे वॉर्म दिवे दहा टक्क्यांवर. शेकोटीच्या जागी एक अंबर (पिवळा-नारिंगी) पार, जमिनीवरून वर सोडलेला. एवढं दोन-तीन मिनिटं टिकू द्या, डोळे त्या अंधाराला सरावू द्या. मग देवदूत येईल तेव्हा मधल्या तुकड्याचे दोन दिवे फक्त साठ टक्क्यांवर नेलेत तरी लोक डोळे मिचकावतील. मुव्हिंग हेडचे पैसे या तीन मिनिटांत वाचले.

आणि गव्हाणी. इटलीच्या कोरेज्जोने सोळाव्या शतकात येशूजन्माचं चित्र काढलं, त्यात सगळा उजेड बाळाकडूनच येतो आणि मरियेच्या चेहऱ्यावर पडतो. ते तुम्हाला थोड्या पैशांत जमेल. यूएसबीवर चालणारी वॉर्म एलईडी पट्टी, एक पॉवर बँक, दोन्ही गव्हाणीत, वर पातळ पांढरं मलमल. बल्ब घालू नका, शेजारी खरा कडबा असतो. बाकीचे दिवे हळूहळू उतरवा आणि मरिया झालेल्या मुलीला सांगा, फक्त खाली बघ. संवादाची गरज नाही. क्वायरला तिथे गाणं सुरू करू द्या, पहिल्या ओळीपर्यंत दुसरा दिवा चढवू नका.

राहिले आजोबा. दिवे टांगून झाले की फोकसिंग, म्हणजे प्रत्येक झोत नेमक्या जागी वळवणं, करायचं असतं. त्याला दीड-दोन तास एक माणूस पुलपिटापाशी, मग खुर्चीत, मग वेदीपाशी उभा लागतो, आणि तरुण पोरं दहा मिनिटांत कंटाळून मोबाइल काढतात. तुम्ही आजोबांना बोलवा. चहा द्या, पुलपिटावर उभं करा, हातात पवित्र शास्त्र द्या आणि वाचायला सांगा. झोत डोळ्यांत जातो का, पानावर सावली पडते का, बारीक अक्षर दिसतं का, हे शिडीवरच्या मुलाला त्यांनीच ओरडून सांगायचं. त्यांचं समाधान होईपर्यंत एकही बोल्ट आवळू नका. शिडी मात्र खाली दोघांनी धरायची.